मी गोड खाल्लं नव्हतं

तुमच्या हातात नुकताच रक्ताचा रिपोर्ट पडला असेल आणि सण तोंडावर आला असेल, तर तुम्हाला धीर येईल असं काही माझ्याजवळ आहे की नाही, मला ठाऊक नाही. मधुमेहावर पुस्तकं पुष्कळ आहेत. काय खावं, काय खाऊ नये, सगळं त्यांत दिलेलं असतं. मी फक्त माझ्या एका दिवाळीचं सांगणार आहे. ती निघून गेली, मी राहिले, एवढंच आधी सांगून ठेवते.

आम्ही इंदूरला मिलच्या भागात राहायचो. माझे सासरे कापडाच्या मिलमध्ये होते, त्यांच्यामागून हे लागले. हे म्हणजे माझे यजमान. साचेखात्यात जॉबर होते, पंधरा-वीस साचे, म्हणजे माग, त्यांच्या नजरेखाली चालायचे. मिल आज चालू, उद्या बंद असं करत करत एक दिवस कायमची बंद झाली. गेटला ताला लागला. सकाळचा भोंगा वाजेनासा झाला तरी हे त्याच वेळेला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि गेटसमोरच्या चहाच्या गुमटीवर जाऊन बसायचे. तिथे सगळेच असे दाढी करून आलेले. दुपारी परत आले की शर्ट काढून घडी घालून ठेवायचे. मी काही विचारायची नाही.

शहरात मात्र त्याच दिवसांत काय काय नवीन येत होतं. गल्लीत केबल आली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने काचेचं दार लावलेला फ्रिज घेतला आणि त्यात परदेशी कोल्ड्रिंकच्या बाटल्या मांडल्या. आमची मुलगी मंजिरी कॉलेज संपवून एका एसटीडी बूथवर बसायला लागली. आणि मी फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागले.

माझ्या हाताला चव आहे असं लग्न झाल्यापासून सगळे म्हणायचे. अनारसे तर लोक मुद्दाम मागून न्यायचे. मराठी घरांतल्या बऱ्याच बायका आता बँकेत, शाळेत, ऑफिसात जात होत्या. त्यांना घरी करायला वेळ नव्हता आणि बाजारचं नको होतं. राखीला नारळाच्या वड्या, गणपतीला मोदक, दिवाळीला सगळंच. घर त्यावर चालत होतं. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

*

तहान लागायची. आधी वाटलं उन्हाळा आहे. मग पाऊस पडून गेला तरी माठातलं अर्धं पाणी मीच संपवायची. थकवा इतका, की पोळ्या लाटता लाटता ओट्याला टेकून उभी राहायची. मंजिरीने मागे लागून आमच्या डॉक्टरसाहेबांकडे नेलं. गणपती पुढच्या आठवड्यात यायचे होते. मोदकांसाठी तांदूळ धुऊन वाळत घातले होते, ते कुणी आत घेईल की नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग माझ्याकडे न बघता मंजिरीला म्हणाले, "शुगर बहुत बढ़ी हुई है. पुरानी लगती है." मग मला एकेक सांगायला लागले. साखर, गूळ बंद. भात बंद. आलू, साबुदाणा, मैदा बंद. पोहे बंद. पोळी दुपारी एक, रात्री एक, तीही लहान. पोट भरायचं ते भाजी, वरण, पनीर, दही, मोड आलेले मूग यांनी. गोळ्या रोज.

मी विचारलं, किती दिवस.

ते हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले. म्हणाले, "बहनजी, ये तो अब साथ ही चलेगी."

बाहेर आल्यावर मंजिरी रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला एकदम भूक लागली. समोर हलवाई जिलबी काढत होता. सकाळी पोहे आणि जिलबी खाऊन वाढलेली माणसं आम्ही. मी तिला म्हटलं, चल लवकर, तांदूळ आत घ्यायचेत.

घरी यांना सांगितलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मग आता ऑर्डरीचं काय?" मला राग आला. मग लक्षात आलं, माझ्याही मनात पहिलं तेच आलं होतं.

*

भात सोडणं जमलं. पहिले काही दिवस जेवण झाल्यावरही जेवले नाही असंच वाटायचं. मेथी, पालक, काकडी, ताक, पुन्हा मेथी. रात्री पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं. उपासाला साबुदाण्याची खिचडीही नाही, तर उपास तरी कशाचा करायचा? शेजारच्या पुष्पाभाभी म्हणायच्या, "इत्ता-सा तो चलता है, भाभी. कुछ नहीं होता." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आपल्याकडे माणसाला खाऊ घालण्यापलीकडे प्रेम कसं दाखवायचं, हे कुणाला येत नाही. पण प्रत्येक वेळी नाही म्हणताना मला वाटायचं की मी त्यांचा अपमान करते आहे.

खरी अडचण माझ्या हातांची होती. पाक झाला की नाही हे मी कायम बोटांनी बघत आले. अंगठा आणि बोट यांत थेंब धरायचा, तार ओढायची, आणि मग ते बोट चाटून टाकायचं. वीस वर्षांची सवय. हात तोंडाकडे निघालेला मला कळायचासुद्धा नाही. मोदकांच्या सारणाच्या वेळी मंजिरीने दोनदा माझं मनगट धरलं. तिसऱ्यांदा माझं मलाच कळलं आणि मी नळाखाली हात धरून उभी राहिले. त्यानंतर शेजारी पाण्याचा वाडगा ठेवायला लागले. बोट पाकात, मग पाण्यात.

आणि चव बघायचं काम यांच्याकडे आलं. त्यांना मेलं काही कळायचं नाही. काहीही दिलं तरी म्हणायचे, ठीक आहे. मी विचारायची, गोड जास्त झालं का, वेलची लागते का, तूप पुढे येतंय का. ते डोळे मिटून विचार करायचे आणि म्हणायचे, ठीकच आहे. पण गुमटीवर जाणं त्यांनी कमी केलं. गूळ चिरून द्यायचे, खसखस निवडायचे, डबे सायकलला अडकवून पोचवून यायचे. एकदा डबा घेऊन जाताना त्यांच्याच खात्यातला एक साचेवाला भेटला आणि म्हणाला, "क्या भिया, हलवाई बन गए?" हे हसून पुढे गेले. मला ते त्यांनी सांगितलं नाही. पुष्पाभाभींकडून कळलं.

*

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मला नीट आठवत नाहीत, फक्त वास आठवतात. बेसन तुपात भाजताना एक क्षण येतो, कच्चा वास जाऊन खमंग वास सुटतो, तेव्हा तोंडाला पाणी सुटतं हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. मी गिळत राहायची. लाडू वळताना हातभर तूप, हातभर बेसन. मुलांना करंजीचं सारण वाटीत काढून द्यावं तसं मी स्वतःला काकडीचे तुकडे काढून ठेवायची आणि प्रत्येक घाण्यानंतर एक तुकडा खायची. रात्री हात साबणाने धुतले तरी उशीला वेलचीचा वास यायचा. मला स्वप्नातही लाडू दिसायचे, आणि स्वप्नात मी खायची. जागी झाल्यावर धस्स व्हायचं, मग आठवायचं की नाही, खाल्ला नाही.

मी नाही खाल्ला. एकही नाही. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते आणि आजही सांगते आहे.

अनारसे मी मागच्या अंगणात कोळशाच्या शेगडीवर तळायची, कारण त्यांना आच अगदी मंद लागते. पाटावर बसायचं, समोर शेगडी, शेजारी पीठ आणि खसखस. अनारसा तुपात सोडला की डोळ्यात तेल घालून बघावं लागतं; जाळी पडली तर ठीक, नाही तर तो हसतो, म्हणजे विरघळून तुपात पसरतो आणि सगळा घाणा वाया जातो. त्या दिवशी एकही हसला नव्हता. मी खुशीत होते. एकदम जळका वास आला. मी कढईत बघितलं, अनारसे छान बदामी होते. झारा हलवला, खाली काही लागलंय का बघितलं. काही नव्हतं.

मंजिरी आतून धावत आली. "आई, पाय! पाय बाजूला घे!"

माझा डावा पाय शेगडीला टेकला होता. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. बोटांची कातडी काळी पडली होती. मला काहीच झालं नव्हतं. म्हणजे दुखलं नव्हतं. ते बघून जी भीती वाटली तशी मला नंतर ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नाही. माझा पाय जळत होता आणि मी अनारशांची जाळी बघत बसले होते.

दुखत नसल्यामुळे आम्ही तिघांनीही ते फारसं मनावर घेतलं नाही. मलम लावलं, फडकं बांधलं. मंजिरी म्हणाली डॉक्टरांना दाखवू, मी म्हटलं लक्ष्मीपूजन होऊ दे. लोकांचे डबे जायचे होते. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाच्या मुलीचा पहिला दिवाळसण. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, हा आजार असेल तर न दुखणारी जखम हीच जास्त वाईट. तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

लक्ष्मीपूजन झालं. पाडव्याच्या सकाळी मला उठता येईना. अंगात ताप, पाय घोट्यापर्यंत सुजलेला, आणि फडकं सोडल्यावर जो वास आला त्याबद्दल लिहीत नाही. रस्त्यावर फटाक्यांचे कागद पडले होते. त्यांच्यावरून रिक्षा मोठ्या हॉस्पिटलला गेली.

*

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी शुगर बघितली आणि पहिला प्रश्न तोच विचारला. "दिवाली पर मीठा खाया ना, माताजी?"

मी म्हटलं, नाही.

"थोड़ा-बहुत?"

मी पुन्हा नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. अशी मान हलवलेली मी नंतर किती जणांची बघितली. सिस्टरची, वॉर्डबॉयची, भेटायला आलेल्यांची. फराळाच्या ऑर्डरी घेणारी बाई, शुगर वाढलेली, पाय सडलेला, तेही दिवाळीत. कोण विश्वास ठेवणार?

त्याच रात्री दोन बोटं काढली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. शुद्धीवर आले तेव्हा यांचा चेहरा दिसला, दाढी वाढलेली. मिल बंद झाल्यापासून यांनी दाढी चुकवलेली मी पहिल्यांदा बघितली.

वॉर्डातला दिवस फार लवकर सुरू होतो. अंधार असतानाच बोटाला सुई टोचायला यायचे. मग इंजेक्शन, मग झाडू, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या ट्रॉलीचं एक चाक वाजायचं, ते वाजलं की सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. गंमत अशी की तेव्हा दुखत होतं. जे जळताना कळलं नाही ते कापल्यावर कळत होतं. नसलेल्या करंगळीलाही खाज सुटायची.

भाऊबीज वॉर्डातच झाली. यांची बहीण, आमच्या वन्सं, महूहून आल्या. भावाला ओवाळल्याशिवाय कशा राहतील? पलंगाशेजारच्या स्टुलावर यांना बसवलं, ताटात निरांजन लावलं तर सिस्टर ओरडली, म्हणून सुपारीनेच ओवाळलं. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. आमच्याच घरून आणलेला डबा, मीच केलेले अनारसे. त्यांनी एक भावाला भरवला आणि मग सवयीने सगळ्या वॉर्डाला वाटले. सिस्टरने खाल्ला. पलीकडच्या पलंगावरच्या बाईचा मुलगा म्हणाला, आंटी, कोणत्या दुकानाचे? मी पडल्या पडल्या ऐकत होते. सगळे खात होते, खसखस चादरींवर सांडत होती, आणि सगळे म्हणत होते, फार छान झालेत. ते कसे झालेत हे त्या खोलीत फक्त मला माहीत नव्हतं.

वन्सं माझ्याजवळ आल्या, कपाळावरून हात फिरवला. प्रेमानेच म्हणाल्या, "वहिनी, तुमची ती बोट चाटायची सवय. माणसाला कळतही नाही हो. किती गेलं असेल पोटात." मी यांच्याकडे बघितलं. वाटलं, हे आता सांगतील. पाण्याचा वाडगा, काकडीचे तुकडे, सगळं त्यांनी बघितलं होतं. ते डब्याचं झाकण लावत होते. लागत नव्हतं.

वन्सं गेल्यावर ते स्टूल जवळ ओढून बसले. हळूच म्हणाले, "खरं सांग. खाल्लंस का? मी कुणाला सांगणार नाही."

मला ओरडावंसं वाटलं, पण वॉर्डात किती माणसं होती, आणि यांचा चेहरा इतका उतरलेला की ओरडायचं तरी कुणावर? मिल का बंद झाली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इथे निदान काहीतरी कारण मिळत होतं. बायकोने गोड खाल्लं, म्हणून झालं. मी भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या शेजारच्या पलंगावर धार जिल्ह्याकडच्या खेड्यातली एक म्हातारी होती. तिचा पाय गुडघ्यापासून गेलेला. ती दिवसभर गप्प असायची. त्या दुपारी सगळे गेल्यावर ती आपणहून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "म्हने तो गुड़ बी नी खायो, बाई. फेर बी हुई ग्यो." मी गुळालाही हात लावला नव्हता, तरी झालंच. एवढं बोलून तिने डोळे मिटले. मी उशीत तोंड खुपसून रडले, रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा. तिने मला विचारलं नव्हतं. न विचारता तिला ठाऊक होतं.

काही दिवसांनी ड्रेसिंग करता करता एका तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की पिकलेली जखमच शुगर वाढवते. नुसत्या खाण्याचंच ते नसतं. मी त्यांना म्हटलं, हे जरा माझ्या घरच्यांना सांगाल का? त्या म्हणाल्या, जरूर. पण हे आले तेव्हा त्यांची ड्यूटी संपली होती. मीच सांगितलं. यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. ती मान कुठली होती, मला ओळखता आलं नाही.

*

घरी आल्यावरचं वर्ष कठीण गेलं. चप्पल पायातून निसटायची. तोल जायचा. पथ्य तेच, फक्त आता सगळ्यांचं लक्ष माझ्या ताटावर. मी डबा उघडला की मंजिरी स्वयंपाकघरात डोकावायची. काही बोलायची नाही, नुसती डोकावायची. एकदा मी तिला म्हटलं, तुझाही विश्वास नाही ना? ती म्हणाली, "आई, मला भीती वाटते गं, बस." ते मला पटलं. विश्वास आणि भीती एका घरात फार दिवस नांदत नाहीत.

पुढच्या दिवाळीला ऑर्डरी घ्यायच्या नाहीत असं ठरलं होतं. ठरलं होतं, पण मंजिरीच्या बूथवर घर कसं चालणार? लोक विचारत आले आणि मी हो म्हणत गेले. शेगडी अंगणात जमिनीवर न ठेवता उंच दगडांवर ठेवली, मी स्टुलावर बसले, पायात जाड मोजे आणि कापडी बूट. पुन्हा तेच बेसन, तेच तूप, तोच वास. वर्षभरात एवढा फरक पडेल असं मला वाटलं होतं. काही फरक पडला नव्हता. भाजलेल्या बेसनासमोर मी तितकीच दुबळी होते. नाही म्हणायची सवय होत नाही. दर वेळी नव्याने म्हणावं लागतं, आणि म्हणूनही काय होईल याची हमी कुणी देत नाही.

भाऊबीजेसाठी वन्सं त्या वर्षी पाडव्यालाच येऊन राहिल्या. मी सकाळपासून भाऊबीजेच्या ऑर्डरींसाठी शेगडीपाशी होते, दुपारी तेवढे सगळे जेवायला बसलो. त्यांनी स्वतः वाढायला घेतलं आणि माझ्या ताटात अर्धा लाडू ठेवला. म्हणाल्या, सणाचं ताट गोडाशिवाय नसावं, अर्ध्याने काही होत नाही, नाही तरी आता तुमचं व्हायचं ते होऊन गेलंय. मी लाडूकडे बघत बसले. उचलून परत ठेवायलाही हात उठेना. खायलाही नाही.

यांनी हात लांब करून तो लाडू माझ्या ताटातून उचलला आणि आपल्या ताटात ठेवला. "ती खात नाही, ताई," म्हणाले. "गेल्या वर्षीही नव्हता खाल्ला."

मी वरणात बघत राहिले. यांनी वाक्य पुढे नेलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. नंतरही कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

संध्याकाळी पाडव्याचं ओवाळलं. पाटावर हे, भोवती रांगोळी. ओवाळून मी ताट खाली ठेवलं आणि पाया पडायला वाकायला गेले, तर तोल गेला. त्यांनी दंडाला धरून मला पाटावर बसवलं, आणि स्वतः समोर जमिनीवर बसले. माझा बूट काढायला लागले. मी पाय ओढून घेतला. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा, तोही पाडव्याला, वन्सं दारात उभ्या असताना. मी म्हटलं, अहो, काय करताय, पाप लागेल मला.

त्यांनी मोजा उतरवला, पाय मांडीवर घेतला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"लागू दे," ते म्हणाले. "आज दिवसभर शेगडीपाशी होतीस. बघू दे."